वीजवाहिनीचे अंदाजपत्रक : एक संवाद

प्रांताच्या एका टोकाला निर्माण होणारी वीज दुसऱ्या टोकाच्या नगरांपर्यंत आणि कारखान्यांपर्यंत वाहून नेणाऱ्या उच्च दाबाच्या लाइनीस किती खर्च येईल, हा प्रश्न वरकरणी पोलाद, ॲल्युमिनियम आणि मजुरी यांच्या हिशेबाचा वाटतो. परंतु ती लाइन ज्या शेकडो शिवारांवरून जाते, ज्या कर्जावर ती उभी राहते आणि ज्या ग्राहकाच्या बिलातून त्या कर्जाची फेड पुढे पिढीभर चालू राहते, त्या सर्वांना या हिशेबात कोणते स्थान असावे, असा विचार मनात आला की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. या बाबतीत दोन भूमिका माझ्या मनात दीर्घकाळ वावरत आल्या आहेत आणि दोन्ही आदरास पात्र आहेत. म्हणून त्या दोन वृद्ध स्नेह्यांच्या मुखाने मांडतो. एक वीज मंडळातून निवृत्त झालेला अभियंता, ज्याने आयुष्यभर लाइनींची अंदाजपत्रके केली. दुसरा महसूल खात्यातून निवृत्त झालेला मामलेदार, ज्याने त्याच लाइनींखालच्या शेतांचे पंचनामे केले.

मामलेदार : इंजिनिअरसाहेब, तुमच्या खात्याची अंदाजपत्रके माझ्या दप्तरात पुष्कळ येत. त्यांत पोलादाचा टन, तारेचा किलोमीटर आणि काँक्रीटचा घनमीटर यांचे दर पैशापर्यंत लिहिलेले असत. पण ज्या जमिनीत तो पोलादाचा मनोरा उभा राहायचा, तिचा उल्लेख अखेरच्या पानावर 'पीक व झाडे नुकसानभरपाई' अशा एका ओळीत, ठोक रकमेने उरकलेला असे. मला त्या ओळीचे नेहमी नवल वाटे. कारण तुमची लाइन अडली, तर ती पोलादाअभावी क्वचित अडे, बहुधा त्या एका ओळीपाशीच अडे.

अभियंता : रावसाहेब, अंदाजपत्रक करणाऱ्याचा पहिला धर्म असा, की ज्याचे मोजमाप होते आणि ज्यास दरसूचीत दर आहे तेच लिहावे. 400 किलोव्होल्टच्या लाइनीत दोन मनोऱ्यांतील अंतर सर्वसाधारणपणे 400 मीटर, म्हणजे किलोमीटरास अडीच मनोरे. परंतु सारे मनोरे सारख्या वजनाचे नसतात. लाइन सरळ जात असेल, फार तर 2 अंशांनी वळत असेल, तेथे हलका 'ए' प्रकारचा मनोरा चालतो. 15 अंशांपर्यंत 'बी', 30 पर्यंत 'सी' आणि त्याहून तीव्र वळणास 'डी' प्रकारचा, ज्याचे पोलाद आणि ज्याचा पाया दोन्ही कितीतरी जड. मग जमीन पाहावयाची. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेथे पाया मोठा घ्यावा लागतो. सह्याद्रीच्या कातळात सुरुंग लावावे लागतात. ठाण्याच्या खाडीसारख्या दलदलीत खोलवर स्तंभ ठोकल्यावाचून मनोरा उभाच राहत नाही. याशिवाय तारेचा झोळ, इन्सुलेटरच्या माळा, आकाशातली वीज तारांवर पडू नये म्हणून माथ्यावरून नेलेली भूतार, पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या बाजारभावातील चढउतारासाठी ठेवलेली भावफरकाची तरतूद. एवढे सारे नीट मोजण्यातच एका माणसाची बुद्धी खर्ची पडते.

मामलेदार : ती बुद्धी मी कमी लेखत नाही. पण दरसूचीत दर नाही, म्हणून खर्चच नाही, असे तर म्हणता येत नाही ना?

अभियंता : तसे मी म्हणत नाही, मात्र सैल अंदाजपत्रक हा सार्वजनिक पैशावरचा अपराध आहे, हे माझे म्हणणे आपण आधी ऐकून घ्यावे. नियामक आयोगाच्या विनियमांप्रमाणे लाइनीचा 70 टक्के पैसा सामान्यतः कर्जाचा आणि 30 टक्के भागभांडवलाचा धरतात, आणि तो व्याज, घसारा व परताव्यासह 35 वर्षांच्या आयुर्मानावर पसरून ग्राहकाकडून वसूल करतात. हल्ली पुष्कळशा लाइनी स्पर्धात्मक निविदेने दिल्या जातात. तेथेही बोली बोलणारा 35 वर्षांचा वार्षिक पारेषण आकारच बोलतो. म्हणजे मी आज एका ओळीत जो आकडा उदारपणे वाढवून ठेवला, तो सोलापूरच्या यंत्रमागवाल्याने आणि गडचिरोलीच्या एका दिव्याच्या झोपडीने पुढची 35 वर्षे भरावयाचा. हे ध्यानात ठेवूनच आमचा हात आखडतो.

मामलेदार : हात आखडावा, हे योग्यच. पण काटकसर कशाला म्हणावे? जी लाइन बांधताना स्वस्त, ती स्वस्त असतेच का?

अभियंता : नसते, आणि हे आमच्या शास्त्राने फार पूर्वी सिद्ध केले आहे. 1881 मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी दाखवून दिले, की वाहक तार जितकी जाड घ्यावी तितके तिच्या भांडवलावरील वार्षिक व्याज वाढते आणि जितकी बारीक घ्यावी तितकी तिच्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाणाऱ्या विजेची किंमत वाढते. या दोन्ही वार्षिक रकमा जेथे समसमान होतात, तेवढीच जाडी सर्वांत काटकसरीची. म्हणून बारीक तार घालून अंदाजपत्रक खाली आणणारा अभियंता खरोखर पैसा वाचवीत नाही. आजचा खर्च तो उद्याच्या गळतीत लपवितो. दाब वाढविण्यामागेही हेच तत्त्व आहे. तीच वीज दुप्पट दाबाने पाठविली, तर प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारेतील गळती एक चतुर्थांशावर येते.

मामलेदार : आपण माझेच काम सोपे केलेत. आजचा खर्च उद्यात लपवू नये, हे तत्त्व आपण तारेला लावता, मग जमिनीला का लावू नये? तारेतून गळणारी वीज आपण वर्षानुवर्षांच्या हिशेबात धरता. पण तारेखालच्या शेताची जी किंमत गळते, ती धरीत नाही. 1885 च्या तार कायद्याचे अधिकार वीज पारेषणाला लावले गेले आणि 2003 च्या वीज कायद्याच्या 164 व्या कलमाने ते कायम राहिले. त्यांचा आशय असा, की जमीन संपादन करावयाची नाही, तिचा केवळ वापर करावयाचा, नुकसान शक्य तितके कमी करावयाचे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावयाची. कायद्याचे शब्द न्यायाचे होते. पण व्यवहारात 'नुकसान' याचा अर्थ दीर्घकाळ उभे पीक आणि तोडलेली झाडे एवढाच घेतला गेला. मनोरा शेतात कायमचा राहिला, जमीन सात-बाऱ्यावर खातेदाराच्याच नावे राहिली, आणि तिचा उपयोग मात्र संकोचला. तारेखाली घर बांधता येत नाही, आंबा, नारळ किंवा साग वाढविता येत नाही, शहर जवळ आले तरी भूखंड पाडता येत नाहीत. हा सारा खर्च कोणी भरला? त्या खातेदाराने, आणि त्याची नोंद ना तुमच्या वहीत झाली, ना माझ्या.

अभियंता : ती स्थिती आता पालटली आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2015 मध्ये मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीस तिच्या किमतीच्या 85 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यास 15 टक्क्यांपर्यंत मोबदला सुचविला. पुढे जून 2024 मध्ये तेच प्रमाण पायासाठी 200 टक्के आणि पट्ट्यासाठी 30 टक्के केले.

मामलेदार : केले हे उत्तम झाले, पण त्या दोन शिफारशींच्या मधली वर्षे आणि त्यापूर्वीची शंभर वर्षे पाहा. शिवाय मोबदला सात-बारा पाहून दिला जातो. ज्या बाईच्या नावाची वारस नोंद झाली नाही, ज्या भावाचा पोटहिस्सा मोजणीविना राहिला, जो वाटेकरी पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसतो, त्यांच्या दारी धनादेश पोहोचत नाही. 1921 मध्ये मुळशी पेट्यातील मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो धरणाविरुद्ध होता हे मी जाणतो. लाइनीची आणि धरणाची तुलना समान नाही. पण त्यातून निघणारा प्रश्न एकच आहे. धरण झाले, त्याच्या पाण्यावर भिऱ्यास निर्माण झालेली वीज मुंबईस गेली, मुंबईची भरभराट झाली. त्या विजेच्या खर्चात मावळच्या बुडालेल्या भातखाचरांची खरी किंमत किती धरली होती?

अभियंता : तो प्रश्न मला निरुत्तर करतो, हे मी मान्य करतो. तरीही, रावसाहेब, आपण आकड्यांत उतरू या. कारण भावनेने मंजूर केलेला खर्च भावनेनेच नामंजूरही होतो. समजा, 100 किलोमीटरची 400 किलोव्होल्ट दुहेरी मंडलाची लाइन आहे आणि हिशेबापुरता तिचा खर्च 300 कोटी रुपये धरू. तिच्या पट्ट्याची रुंदी 46 मीटर. म्हणजे पट्ट्याखालची जमीन 460 हेक्टर. मनोरे 250, प्रत्येकाखाली 12 मीटर चौरस जागा धरली, तरी ती सारी मिळून चार हेक्टरही भरत नाही. खरा वाद पट्ट्याचा आहे.

मामलेदार : अगदी बरोबर. आता माझे गणित ऐका. लाइनीचे 97 किलोमीटर पुरे झाले आणि एका गावाच्या शिवारातील 3 किलोमीटर हरकतींमुळे वर्षभर अडले, असे समजू. जमिनीची किंमत हेक्टरी 50 लाख धरू. त्या 3 किलोमीटरखाली 13.8 हेक्टर, किंमत 6 कोटी 90 लाख. 15 टक्क्यांऐवजी 30 टक्के द्यावयाचे, तर वाढीव रक्कम अवघी एक कोटी तीन-साडेतीन लाख. आणि 300 कोटींतील 210 कोटींच्या कर्जावर 9 टक्क्यांनी वर्षाचे व्याज? 18 कोटी 90 लाख! एक कोटी वाचविण्यासाठी एकोणीस कोटी घालविणे, याला कोणत्या दरसूचीत काटकसर म्हटले आहे?

अभियंता : गणित अचूक आहे, पण अपुरे आहे. 3 किलोमीटरला जो दर दिला, तो उरलेल्या 97 किलोमीटरना नाकारता येत नाही. नाकारला तर तो अन्याय होतो, आणि उद्यापासून जो अडवील त्यालाच जास्त मिळेल असा पायंडा पडतो. तेव्हा 460 हेक्टरांचा हिशेब करा. जमिनीची किंमत 230 कोटी. 15 टक्क्यांनी साडेचौतीस कोटी, 30 टक्क्यांनी 69 कोटी. म्हणजे वाढीव बोजा एक कोटीचा नाही, साडेचौतीस कोटींचा आहे; आणि तो वर्षाच्या व्याजाहून जड आहे.

मामलेदार : आपले म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो, आणि सर्वांना सारखे दिले पाहिजे हेच माझेही म्हणणे आहे. परंतु लाइन दोन वर्षे अडली, तर व्याज 37 कोटी 80 लाख होते आणि पारडे पुन्हा फिरते. दोन वर्षे अडलेल्या लाइनी आपण आणि मी दोघांनीही पाहिल्या आहेत. शिवाय हा बोजा ग्राहकाच्या बिलात किती उतरतो तेही आपणच सांगा.

अभियंता : सांगतो. ही लाइन सरासरी 500 मेगावॅट वाहते असे धरले, तर वर्षाला सुमारे 438 कोटी युनिट होतात. साडेचौतीस कोटींवर व्याज, घसारा आणि परतावा मिळून दरसाल 12 टक्के आकार धरला, तर ते चार कोटी चौदा लाख. युनिटमागे एका पैशाहूनही कमी.

मामलेदार : एका पैशाहून कमी! ज्या 460 हेक्टरांवरून शहराचा प्रकाश जातो, त्यांच्या खातेदारांना दुप्पट मोबदला देण्यासाठी शहराने युनिटमागे एक पैसाही द्यावयाचा नाही, आणि तेवढ्यासाठी पोलीस बंदोबस्तात तार ओढावयाची, हे मला राज्यकारभाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे वाटत नाही.

अभियंता : एका लाइनीपुरते आपले म्हणणे निर्विवाद आहे. पण वीज एका लाइनीने येत नाही. निर्मितीकेंद्रापासून घरापर्यंत ती अनेक लाइनींतून येते आणि प्रत्येकीचा असा एकेक पैसा साचत जातो. दुसरे असे, की न बांधलेल्या लाइनीलाही खर्च असतो आणि तो अंदाजपत्रकात कधीच येत नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई अंधारली, आगगाड्या जेथल्या तेथे उभ्या राहिल्या; पडघे आणि कळवे यांच्याकडील 400 किलोव्होल्टच्या लाइनी बंद पडल्या आणि शहरात वीज आणण्यास पुरेसा दुसरा मार्ग नव्हता. खारघर ते विक्रोळी ही लाइन वर्षानुवर्षे कागदावर होती. ती 2023 मध्ये चालू झाली. प्रत्येक हरकतीपाशी थांबत गेलो, तर रुग्णालयातील यंत्रे कोणी चालू ठेवावयाची?

मामलेदार : थांबावे असे मी म्हणतच नाही. आधी विचारावे, म्हणजे मागाहून थांबावे लागत नाही, एवढेच म्हणतो. गोव्याचे उदाहरण पाहा. तम्नारहून वीज आणणाऱ्या प्रकल्पाची 400 किलोव्होल्टची लाइन मोल्याच्या भगवान महावीर अभयारण्यातील घनदाट अरण्य कापून नेण्याचे ठरले. त्याविरुद्ध गोमंतकीय जनता उठली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने 2021 मध्ये सुचविले, की नवे रान तोडण्याऐवजी अस्तित्वात असलेल्या लाइनीचाच पट्टा वापरावा. तोच विचार पहिल्या आखणीच्या दिवशी झाला असता, तर किती काळ वाचला असता? वनाचे मोल तुम्ही अंदाजपत्रकात वनखात्यास भरावयाच्या रकमेपुरते धरता. पण अरण्य तोडण्यास समाजाची संमती मिळेल की नाही, हाही खर्चाचाच विषय आहे.

अभियंता : जुना पट्टा वापरण्याचा आपला मुद्दा मला अभियंता म्हणूनही पटतो, आणि त्यात मी आणखी एक भर घालतो. 400 किलोव्होल्टच्या साध्या मंडलाची नैसर्गिक भारवहनक्षमता सुमारे 500 मेगावॅट, तर 765 किलोव्होल्टच्या मंडलाची सुमारे 2200 मेगावॅट. पट्ट्याची रुंदी मात्र 46 मीटरवरून 67 मीटरवर जाते, एवढीच. किलोमीटरच्या दराने पाहिले, तर 765 ची लाइन महाग दिसते. वाहिलेल्या मेगावॅटच्या आणि व्यापलेल्या हेक्टरच्या दराने पाहिले, तर तीच स्वस्त ठरते. ज्यांनी पुढच्या वीस वर्षांची मागणी न पाहता आजची स्वस्त लाइन निवडली, त्यांनी शेतकऱ्याच्या दारी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा जाण्याची वेळ आणली. जमिनीचा भाव खरा लिहिला गेला असता, तर ही चूक अंदाजपत्रकातच उघडी पडली असती.

मामलेदार : मग लाइन भूमिगतच का नेऊ नये? मुंबईत आरेपर्यंत येणाऱ्या कुडूसच्या लाइनीचा मोठा भाग जमिनीखालून आहेच.

अभियंता : तेथे मात्र मी आपणास अडवीन. दाट वस्तीच्या नगरात दुसरा इलाज नाही, म्हणून ती भूमिगत झाली. आणि ती एकदिश प्रवाहाची आहे, म्हणून एवढे अंतर तिला झेपले. प्रत्यावर्ती प्रवाहाची अतिउच्च दाबाची केबल लांब अंतरावर नेली, तर केबल स्वतःच एवढा विद्युत्भार घेते, की उपयुक्त वीज वाहण्यास तीत वाव उरत नाही. खर्चही उघड्या लाइनीच्या कित्येक पट. राजस्थान आणि गुजरातमध्ये माळढोक वाचविण्यासाठी लाइनी जमिनीखाली नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला होता. मार्च 2024 मध्ये त्याच न्यायालयाने तो सौम्य करून, कोठे हे शक्य आणि आवश्यक आहे हे ठरविण्यास तज्ज्ञांची समिती नेमली. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक ज्यांनी पाहिला, त्यांना त्या पक्ष्याचे मोल मी सांगावयास नको. पण सर्वत्र भूमिगत लाइन ही अंदाजपत्रकातली पळवाट आहे, उपाय नाही.

मामलेदार : हे मी आपल्या ज्ञानावर सोडतो. मोबदला एकरकमी असावा की वर्षासनासारखा दरसाल मिळत राहावा, याबद्दलही आपले एकमत होणार नाही, असे दिसते. माझ्या मते ज्या वाहिनीची मिळकत 35 वर्षे चालते, तिच्याखालच्या शेताची मिळकतही 35 वर्षे चालावी.

अभियंता : आणि माझ्या मते हजारो खात्यांवर दरसाल लहान रकमा वाटणारे दप्तर उभारण्यातच त्या रकमेचा मोठा हिस्सा खर्च होईल. तो मतभेद राहू द्यावा. पण एवढे मी मान्य करतो, की नकाशावर रेघ ओढून केलेले अंदाजपत्रक हे अंदाजपत्रकच नव्हे. मार्ग पायी चालून पाहावा. प्रत्येक गावाचा गट नंबर, विहीर, बाग आणि वस्ती मोजणीच्या वहीत घ्यावी. आणि मग पोलादाच्या रकान्याशेजारी जमिनीचा आणि काळाचा असे दोन रकाने तितक्याच बारकाईने भरावेत.

संवाद येथे संपतो. पण त्यातून जो निर्णय माझ्या मनात पक्का झाला आहे तो स्पष्ट शब्दांत लिहिणे माझे कर्तव्य आहे. अभियंत्याचे म्हणणे खरे आहे, की प्रत्येक वाढीव रुपया अखेर ग्राहकच भरतो. आणि मामलेदाराचे म्हणणेही तितकेच खरे आहे, की वहीबाहेर ठेवलेला रुपया नाहीसा होत नाही, तो ज्याला नकार देण्याचे सामर्थ्य नाही अशा माणसाकडून निमूटपणे वसूल केला जातो, किंवा विलंबाच्या व्याजाच्या रूपाने पुन्हा ग्राहकाकडेच परत येतो. केल्व्हिनने तारेला लावलेली कसोटी, आज लपविलेला खर्च उद्या मोजावा लागतो ही, जमिनीला आणि काळालाही लावली गेली पाहिजे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नियामक आयोगांनी खर्च मंजूर करताना लाइनीच्या मार्गाचा गाववार तक्ता, मोबदल्याचा दर आणि विलंबासाठी धरलेले व्याज हे तिन्ही मागावेत. पारेषण कंपन्यांनी ते अंदाजपत्रक मराठीत, सोप्या भाषेत, मार्गावरील प्रत्येक ग्रामसभेत निविदा निघण्यापूर्वी वाचून दाखवावे. आणि ज्याच्या शेतात मनोरा येणार त्या खातेदाराने आपला गट नंबर त्यात आहे की नाही, असल्यास त्याच्यापुढे कोणती रक्कम लिहिली आहे, हे तेथेच विचारावे.